आवाज नावाची फाइल

माउस धरून कॉम्प्युटर चालवणाऱ्या माणसांची मला कीव यायची. खोटं कशाला बोलू, अजूनही थोडी येते. एक फाइल उघडायची तर आधी बाण शोधा, मग चित्र शोधा, त्यावर टकटक करा, उघडलं नाही की पुन्हा टकटक करा. आमचे हे असेच. आयुष्यभर चष्म्याच्या दुकानात नोकरी केली, गिऱ्हाइकाला "आता स्पष्ट दिसतंय का? की आता?" असं विचारत, आणि कॉम्प्युटरसमोर बसले की ह्यांना स्वतःला काही म्हणता काही दिसत नाही.

मी काळ्या पडद्यावाली. बस स्टँडच्या घोषणा-खोलीत नोकरी केली मी. तिथे एक म्हातारा कॉम्प्युटर होता, काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. गाडीचा नंबर टाइप केला की गाडी कुठून येतेय, किती उशिरा येतेय, कुठल्या फलाटावर लागणार, सगळं खाली उमटायचं. ते वाचायचं आणि माइकमध्ये बोलायचं. माझा आवाज कसा होता ते आता सांगून उपयोग नाही, तरी सांगते. मी "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हटलं की सुट्या पैशांवरून भांडणारे कंडक्टरसुद्धा गप्प व्हायचे. बदली होऊन गेलेले साहेब मुद्दाम फोन करून "बाई, तुमचा आवाज ऐकायला केला" म्हणायचे. आणि घरी हाच आवाज ह्यांच्या वाट्याला कसा यायचा, ते पुढे येईलच.

त्याच घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडवळण घेतलं नाही. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, म्हणाले. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. मी विचारलं, थोडासाही नाही? ते म्हणाले, नाही.

हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपीच्या बाईंनी एक मार्ग सांगितला. अजून दीड-दोन महिने हातात आहेत, तर रोज लागणारी वाक्यं तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा, नंतर कॉम्प्युटरवर वाजवता येतील, घरात तुमचाच आवाज राहील. माझ्या बहिणीची मुलगी कॉम्प्युटरमध्ये नोकरी करते, दुसऱ्या शहरात असते. तिनं आमच्या जुन्या लॅपटॉपवर सगळी व्यवस्था लावून दिली आणि फोनवरून मला शिकवायला घेतलं.

"मावशी, तुला काळ्या पडद्याची सवय आहे ना, मग टर्मिनलच वापर," ती म्हणाली. "शंभर चित्रांमधून एक शोधत बसण्यापेक्षा दोन शब्द टाइप केलेस की झालं."

टर्मिनल म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, एक काळी खिडकी. चित्रं नाहीत, बाण नाही. एका ओळीत कमांड लिहायची आणि एंटर दाबायचं. इथे काय काय आहे ते दाखव, त्याची एक कमांड. मी कुठल्या फोल्डरमध्ये उभी आहे ते सांग, त्याची एक. नवं फोल्डर कर, ही फाइल तिकडे हलव, हिची प्रत काढ, गेल्या वर्षीचं विजेचं बिल कुठे पडलंय ते शोध. सगळ्या दोन-तीन अक्षरी. आठवड्याभरात मला तोंडपाठ झाल्या. लग्नाचे फोटो, बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळ्यांना मी ओळीत उभं केलं. मरणाच्या भीतीत माणसाला काहीतरी आवरायला लागतं, आणि घर तर आधीच आवरलेलं होतं.

भाचीनं 'बोल' नावाची एक कमांड खास माझ्यासाठी तयार केली. 'बोल चहा' लिहिलं की माझ्याच आवाजात "चहा टाकताय का? मलाही अर्धा कप" असं वाजायचं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा मी हसले आणि हे आत जाऊन उगाच भांडी लावत बसले.

एक गोष्ट तिनं सुरुवातीलाच बजावली होती. टर्मिनल उगाच बोलत नाही. कमांड पाळता आली की ते मुकाट काम करतं, वा म्हणत नाही की झालं म्हणत नाही. "ते गप्प बसलं म्हणजे तू सांगितलंस ते झालं, मावशी. तुला हवं होतं ते झालं असं नाही. आणि काहीही हलवायच्या आधी प्रत काढ आणि कुठे उभी आहेस ते बघ."

"कळलं गं बाई," मी म्हटलं. "एवढी काही मी ढ नाही."

थेरपीच्या बाईंनी वाक्यांची छापील यादी दिली होती. मला पाणी हवे आहे. मला विश्रांती हवी आहे. मी ती बाजूला ठेवली. घरात असं कोण बोलतं? मी माझी वाक्यं काढली. पाणी द्या, आणि पेला भरून द्या. दार लावलंत का? गॅस बंद केलात का, की मी बघू? चष्मा तुमच्याच डोक्यावर आहे. ह्यांच्या थोरल्या बहिणीसाठी, म्हणजे आमच्या वन्संसाठी, "वन्सं, बसा ना, इतक्यात निघालात?" हेही भरलं. ते वाक्य मी गेली पंचवीस वर्षं मनात नसताना बोलत आलेय, तर नंतर तरी का सोडा.

ह्यांनी एकच मागितलं. "मला हाक मारतेस ना, ती पण भर."

"'अहो' काय भरायचंय त्यात?"

"वेगवेगळं भर," हे म्हणाले. "स्वयंपाकघरातून मारतेस ते. रागावलेलं. आणि ते दुसरं."

दुसरं कुठलं ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. तीन-चार प्रकारचं 'अहो' भरलं मी, आणि ते दुसरं भरताना ह्यांना खोलीबाहेर काढलं. इतक्या वर्षांनी लाज वाटली, काय करता.

रोज संध्याकाळी आमचं हे काम चाले. हे खिडकी लावायचे, पंखा बंद करायचे, माइकखाली टॉवेलाची घडी ठेवायचे आणि घामाघूम होऊन श्वास रोखून बसायचे. घसा दुखायचा, मध्येच आवाज फाटायचा, मग ते वाक्य पुन्हा. असं करत करत शंभराच्या वर वाक्यं झाली. एकेक वाक्य एकेका फाइलमध्ये.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं, आज फार बोलू नका, घशाला आराम द्या. मला तसंही बोलायचं नव्हतं. सकाळी लॅपटॉप उघडून बसले, कारण एक गोष्ट मला खुपत होती. माझ्या वाक्यांच्या फाइली बिलांच्या आणि फोटोंच्या गर्दीतच पडल्या होत्या. त्या सगळ्या 'आवाज' नावाच्या फोल्डरमध्ये नीट जाव्यात, उद्या मी नसले, म्हणजे इथे नसले, तर ह्यांना सापडाव्यात. फोल्डर मी त्याच्याही आदल्या दिवशी केलं होतं.

आता एवढ्यासाठी साधी कमांड होती. पण भाचीनं मला मागे एकदा एक मोठी ओळ दिली होती, सगळ्या फाइलींचा आवाज वाढवायला. इथल्या प्रत्येक फाइलसाठी, एकेक करून, हे काम कर, अशी ती ओळ. ती मला इतकी आवडली होती की जिथे तिथे वापरायचे. एका ओळीत शंभर कामं. मी ऐटीत लिहिलं, वाक्याची प्रत्येक फाइल एकेक करून उचल आणि आवाजमध्ये ने. एंटर. टर्मिनल गप्प. म्हणजे झालं. मी खिडकी बंद केली, झाकण खाली घेतलं आणि ह्यांना म्हटलं, "बघा, एका ओळीत."

"वा," हे म्हणाले. "आता पेनड्राइव्हवर एक प्रत घेऊ या? ती पोरगी सारखी सांगत होती."

"तुम्हीच घ्या दुपारी, तुमच्या टकटकीनं. तेवढाच वेळ जाईल."

आणि मी शेजारणीबरोबर शेवटच्या तपासण्यांना हॉस्पिटलात गेले.

परत आले तर हे लॅपटॉपसमोर बसलेले. बॅग अर्धी भरलेली, टॉवेल तसाच खुर्चीवर.

"अगं," हे म्हणाले, "एकच फाइल दिसतेय. 'आवाज' नावाची. बाकीच्या कुठे गेल्या कळत नाही." मग म्हणाले, "मी काही दाबलं का गं?"

मी खुर्ची ओढली, टर्मिनल उघडलं, आहे ते दाखव म्हटलं. बिलं होती, फोटो होते. वाक्यं नव्हती. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, शोधायची कमांड दिली. एकच फाइल. ती वाजवली तर "हात धुवून या, वाढलंय" एवढंच वाजलं आणि संपलं.

माणसानं अशा वेळी काय करावं? निदान विचारावं, की तुम्ही नेमकं काय केलंत. मी विचारलं नाही. ह्यांनीच म्हटलं होतं ना, मी काही दाबलं का, मला तेवढं पुरलं. मी उभी राहिले आणि सुटले. तुम्हाला काही कळत नाही तर हात कशाला लावता? कवडीची अक्कल नाही आणि उपद्व्याप हजार. आजवर एक गोष्ट धड केलीत का? दुकानात दुसऱ्याच्या नाकावर चष्मे चढवण्यापलीकडे आलं काय तुम्हाला? दोन महिने रक्त ओकत बोलले मी, आणि तुम्ही एका दुपारात त्याची माती केलीत. उद्या माझा गळा चिरतील ते बरे, ते सांगून तरी चिरताहेत.

हे शेवटचं मी म्हटलं. शब्दन् शब्द आठवतोय.

हे मध्ये मध्ये एवढंच म्हणत होते, "हळू बोल, घशाला त्रास होईल." कोमट पाण्याचा पेला हातात धरून उभे होते, माझ्यापुढे करत होते, मी घेत नव्हते. ह्यांचं ते हळू बोल ऐकून मला आणखीच चेव यायचा. माइकवाल्या बाईचा आवाज तो, चार घरं सोडून ऐकू गेला असेल. शेवटी आवाजच बसला म्हणून मी थांबले. हे पेला टेबलावर ठेवून स्वयंपाकघरात गेले.

मग मी भाचीला फोन लावला. घोगऱ्या आवाजात सगळं सांगितलं, म्हणजे ह्यांनी काय केलं ते सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "मावशी, फाइली पुसल्या असतील तर कशा पुसल्या ते आधी कळायला हवं. टर्मिनलमध्ये वरचा बाण दाब. तू दिलेल्या कमांड एकेक करून मागे दिसतील. शेवटची काय दिली होतीस ते मला वाचून दाखव."

मी बाण दाबला. आत्ताच्या शोधाशोधीच्या ओळी आल्या. आणखी दाबला. सकाळची माझी ओळ आली.

ती मी वाचली आणि मला कळलं. कळायला क्षणही लागला नाही, एवढी मी ढ नाही हे खरंच होतं. 'आवाज' फोल्डर मी आदल्या दिवशी केलं होतं ते दुसरीकडे. सकाळी मी उभी होते ती भलतीकडे, आणि तिथे 'आवाज' नावाचं फोल्डरच नव्हतं. नसलेल्या फोल्डरमध्ये फाइल न्या म्हटलं की टर्मिनलला वाटतं, फाइलचं नाव बदलायला सांगताहेत. त्यानं पहिल्या फाइलचं नाव 'आवाज' केलं. मग दुसरीचं 'आवाज' केलं, तेव्हा पहिली पुसली गेली. तिसरीनं दुसरी पुसली. एकाच खुर्चीवर एकेकाला बसवत जावं आणि बसलेल्याला दर वेळी ढकलून द्यावं, तसं. नावांच्या क्रमात 'हात' सगळ्यात शेवटी, म्हणून "हात धुवून या" तेवढं उरलं. चहा गेला, दार गेलं, तिन्ही-चारी 'अहो' गेले. दुपारी ह्यांनी लॅपटॉप उघडला तेव्हा त्यात पुसायला काही शिल्लकच नव्हतं.

"मावशी? काय दिसतंय?" भाचीनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "काय काय आहे ते दाखव, एवढंच लिहिलंय."

"मग काकांनीच डिलीट केलं असणार. बिचारे काका. त्यांना फार बोलू नकोस हं."

"नाही गं," मी म्हटलं.

तिनं तिकडून बराच वेळ खटपट केली, काही परत मिळालं नाही. फोन ठेवल्यावर मी आणखी एक कमांड दिली. दिलेल्या सगळ्या कमांडची नोंद पुसायचीही कमांड असते. तीही दोन शब्दांची. टर्मिनल गप्प राहिलं.

त्या क्षणी उठून स्वयंपाकघरात जायचं आणि म्हणायचं, अहो, चूक माझी होती. एवढंच वाक्य. आवाज बसला होता, पण एवढं निघालं असतं. मी उठले नाही. चूक कबूल करायला मला कधी जड गेलेलं नाही, स्टँडवर चुकीची गाडी सांगितली तर त्याच माइकवरून माफी मागितलीय मी. पण त्या चुकीवर मी जे जे बोलले होते ते कुठे ठेवू? गळा चिरण्याचं बोलले होते ते? चूक सांगितली की ते सगळं माझ्याच पदरात पडणार होतं आणि मला ते उचलायची ताकद नव्हती. उद्या मरायचंही असेल कदाचित, मग आजच्या दिवस राहू दे, असं मी स्वतःला समजावलं. लबाडीला कारणं कमी पडत नाहीत.

थोड्या वेळानं हे बाहेर आले. डोळे लाल होते, पण बोलणं नेहमीचंच. टॉवेलाची घडी परत माइकखाली ठेवली. खिडकी लावली.

"जेवढं होईल तेवढं परत करू," हे म्हणाले. "अगदी गरजेचं. जास्त नको. माझ्यामुळे तुला पुन्हा त्रास, पण काय करणार."

मी बसले. बोलायला गेले तर आवाज म्हणजे करपलेलं पातेलं खरवडल्यासारखा. पाणी द्या. दुखतंय. उशी सरळ करा. डॉक्टरांना बोलवा. दहा-बारा वाक्यं झाली असतील. दर वाक्यानंतर हे मान हलवून "छान" म्हणत होते. मग घुटमळत म्हणाले, "एक 'अहो' घेऊ या? साधंच."

मी 'अहो' म्हटलं. ते नीट आलं नाही. पुन्हा म्हटलं, तर रडू फुटलं. ह्यांना वाटलं मी उद्याच्या भीतीनं रडतेय. पाठीवर हात फिरवत म्हणाले, "राहू दे, राहू दे. होईल सगळं नीट." माइक चालू होता आणि त्यावर मी काहीही बोलू शकत होते, पण मी रडले फक्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्ट्रेचरवर घेईपर्यंत मला बोलता येत होतं. हे शेजारून चालत होते. मी म्हटलं, "गॅस बंद केलात ना?" हे म्हणाले, "केला." माझ्या गळ्यातून निघालेलं शेवटचं वाक्य ते.

जीव वाचला. गळ्याला भोक, त्यातून श्वास. आवाज नाही, कुजबुजही नाही. घरी आल्यावर मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसते. 'बोल पाणी' लिहिलं की त्या खरवडलेल्या आवाजात "पाणी द्या" येतं, आणि तो आवाज असा का आहे हे मला दर वेळी माहीत असतं. बाकी जे बोलायचं त्यासाठी भाचीनं दुसरी कमांड दिलीय, लिहाल ते मशीन वाचून दाखवतं. मशीनचा आवाज पुरुषाचा. डब्यात बसून, वर खाली न होता, एका पट्टीत बोलतो मेला. "मला भूक लागली" आणि "घराला आग लागली" त्याला सारखंच.

भेटायला माणसं यायला लागली. प्रत्येकाला आधी कुठून तरी कळलेलं असायचं की हिनं आवाज भरून ठेवला होता. ऐकवा की, म्हणायचे. आणि दर वेळी हे हात जोडल्यासारखे करून सांगायचे, "माझ्या हातून गेलं हो सगळं. दोन महिने बिचारी बोलत होती, आणि मी नको ते दाबलं. मला त्यातलं काही कळत नाही." लोक चुकचुकायचे. ह्यांच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे. मी खाली बघायचे. लोकांना वाटायचं, सोसतेय. शेजारीण तर म्हणाली, किती मोठं मन हिचं, एका शब्दानं बोलत नाही. मला हसू यायला हवं होतं, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रोज ठरवायचे, आज सांगायचं. रोज हे औषध घेऊन यायचे, गळ्याजवळची पट्टी बदलायचे, आणि मी 'बोल उशी' लिहायचे.

मग वन्सं आल्या. ह्यांच्याहून चांगल्या मोठ्या, कानानं जरा कमी, जिभेनं नाही. चहाचा कप हातात आला तशी त्यांनी सुरुवात केली. "मी ऐकलं ते खरं का रे? तूच घालवलंस सगळं?"

"हो, ताई," हे म्हणाले. "माझ्याकडूनच झालं."

"लहानपणापासून असाच. हात लावेल ते मोडेल. वडिलांचा रेडिओ आठवतोय ना? अरे, बायकोचा आवाज तो. एकदाच मिळणारी गोष्ट. ती तुझ्या हाती दिलीच कशी कोणी?" वन्सं माझ्याकडे वळल्या. "तुझं चुकलं बाई, याच्यावर विश्वास ठेवलास."

हे हसले. मार खाऊन सवय झालेल्या पोरासारखं ते हसणं. मग उठून माझी उशी सरळ करायला वाकले, आणि मी पाहिलं, ह्यांचे हात थरथरत होते. पूर्वी थरथरत नव्हते. भिंगं बसवणाऱ्या माणसाचे हात ते. उशीला हात लावतानाही आपल्याकडून काही बिघडेल अशी ह्यांना आता भीती वाटत होती.

मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. मी लॅपटॉप ओढला आणि लिहिलं. एंटर दाबलं.

"चूक माझी होती," मशीन म्हणालं. "फाइली मी पुसल्या. ह्यांनी नाही."

वन्संना हसू आलं. "अगं बाई, हा कोण बोलला? बातम्या देतोय की काय. काय म्हणाला तो?"

मी तेच परत लिहिलं, आवाज वाढवून. "चूक माझी होती. फाइली सकाळी मी पुसल्या. ह्यांनी हात लावला तेव्हा काही उरलंच नव्हतं." त्याच एका पट्टीत, रडणं नाही, गळा भरून येणं नाही. वन्सं हसता हसता थांबल्या, कप खाली ठेवला आणि भावाकडे बघायला लागल्या.

हे उशीवरचा हात काढून सरळ उभे राहिले. चष्मा सारखा करून पडद्याकडे बघितलं. वाचता येत होतं ह्यांना, मोठी अक्षरं होती. मला वाटलं आता ओरडतील. मला तेच हवं होतं.

"तुला कधी कळलं?" ह्यांनी विचारलं. गिऱ्हाइकाला विचारायचे त्याच हळू आवाजात.

मी लिहिलं. मशीन म्हणालं, "त्याच दिवशी. तुम्ही स्वयंपाकघरात होतात तेव्हा."

मी बघत होते, ह्यांच्या डोळ्यांपुढे तो दिवस ओळीनं येत होता, टॉवेल, माइक, पाठीवरचा हात, सकाळचं स्ट्रेचर.

"म्हणजे तेव्हा तुला बोलता येत होतं," हे म्हणाले.

मी मान डोलावली.